शिशातली भूमिका

[दृश्य : खिळ्यांची केस, अगदी जवळून. जुळाऱ्याचा हात.]

हे छपाईचे शिशाचे खिळे. प्रत्येकावरचं अक्षर उलटं. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, केसकडे, खिळ्यांच्या पेटीकडे, फारसं बघतही नाही. हाताला तिच्यातली अक्षरांची घरं पाठ असतात. एकेक खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचा, ओळ भरली की पुढची. ओळी गॅलीत, म्हणजे लांब तबकात, गॅलीतून फर्म्यात, पानाच्या चौकटीत. मग शाईचा रूळ. मग कागद.

हे आम्ही मुद्दाम सावकाश दाखवतोय. वर्तमानपत्राला मत असावं का, असं आज विचारलं जातं. मत छापायला इतके कष्ट पडत होते, तेव्हा ते कुणी कसं छापलं, ते आधी पाहू या.

[दृश्य : जुन्या अंकांची बांधीव फाईल. पान उलटतं.]

पुणे, ४ जानेवारी १८८१. ‘केसरी’चा पहिला अंक. संपादक गोपाळ गणेश आगरकर, वय चोवीस. सोबत टिळक, चिपळूणकर, नामजोशी. छापखान्याच्या खिळ्यांच्या पेट्या या मंडळींनी स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या, तिथल्या दिवाणांवर आरोप करणाऱ्या लिखाणासाठी आगरकर आणि टिळक मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवस, दोघे बरोबर.

आणि तरी हे दोघे एका अग्रलेखात मावले नाहीत. आधी समाजसुधारणा की आधी राजकीय हक्क, यावर मतं फाटली. यावर तोडगा म्हणून ‘केसरी’नं सुधारणेचा विषयच टाळावा, हे आगरकरांना मानवलं नाही. १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला.

[दृश्य : एकाच टेबलावर दोन फायली. दोन्हींवर खिडकीतला उजेड.]

मग आलं संमतिवयाचं बिल. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा कायदा. घराघरांत भांडणं लावणारा विषय. परक्या सरकारनं आमच्या धर्माचाराला हात लावू नये, असं टिळकांचा ‘केसरी’ म्हणाला. कायदा हवाच, असं आगरकरांचा ‘सुधारक’ म्हणाला. दोघांनीही आडपडदा ठेवला नाही.

१८९१ मध्ये कायदा झाला. विरोधकांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली.

‘केसरी’ची ती भूमिका आम्हाला चुकीची वाटते, हे इथे स्पष्ट सांगतो. पण ती चूक आहे हे आज बोट ठेवून सांगता येतं, कारण ती छापलेली आहे. पान इथे आहे, ओळ इथे आहे. गप्प बसलेल्या पत्राला कुणी कशावर धरायचं?

[दृश्य : मुंबई उच्च न्यायालय. जिना. संगमरवरी पाटी.]

१९०८. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. ‘केसरी’तले दोन अग्रलेख, टिळकांवर राजद्रोहाचा खटला. ज्युरीत नऊ जण. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षांची शिक्षा, ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात.

[दृश्य : अग्रलेखाचा रिकामा रकाना. कॅमेरा थांबतो.]

२८ जून १९७५. आणीबाणी, सेन्सॉर. निषेध म्हणून ‘इंडियन एक्सप्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली.

[दृश्य : आजचं छपाईयंत्र. कागदाची धावती रीळ.]

वाचक म्हणतात, बातमी द्या, मत आमचं आम्ही ठरवू. ही मागणी रास्त आहे. बातमीत मत मिसळलं की वाचकाची फसवणूक होते, आणि आपलं पत्र कोणत्या बाजूचं आहे हे कळलं की त्याच्या बातमीवरही काहींचा विश्वास उडतो. पण मत अग्रलेखातून काढलं म्हणून ते कार्यालयातून जात नाही. कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती आत, मथळ्यात कोणता शब्द, यात ते शिरतं. आणि तिथे त्याला नाव नसतं. अग्रलेखाच्या रकान्यात त्याला पत्ता असतो. ज्याला पटलं नाही, तो त्या पत्त्यावर उलट पत्र पाठवू शकतो.

[दृश्य : पुन्हा छापखाना. जुळारी छापलेले खिळे धुतो, एकेक करून केसमध्ये परत टाकतो.]

छापून झालं की खिळे सोडवायचे. क च्या घरात क, म च्या घरात म. उद्याच्या अग्रलेखाला हेच लागतील.