डॉसनचे लाकडी वैभव

तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर दिसणारी ही इमारत म्हणजे कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन गावाचे जुने टपाल कार्यालय. दुरून तिचा मनोरा आणि छपराखालची नक्षी पाहिली की दगडी बांधकामाचा भास होतो. जवळ गेल्यावर मात्र एकावर एक बसवलेल्या आडव्या फळ्या आणि त्यांच्यावरचा रंग दिसू लागतो. १९०० साली उभ्या राहिलेल्या या वास्तूचा आराखडा टॉमस विल्यम फुलर यांनी केला. ओटावाच्या पहिल्या संसद भवनामुळे त्यांच्या वडिलांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मुलाची आठवण फारशी कोणी काढत नाही.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोने सापडले आणि दोन वर्षांत युकॉन नदीच्या या चिखलाच्या काठावर सुमारे तीस हजार माणसे येऊन थडकली. पत्रासाठीची रांग इतकी लांबे, की लोक पैसे देऊन आपल्या जागी दुसऱ्याला उभे करीत. खाणकऱ्यांत अमेरिकन बहुसंख्य होते आणि शेजारच्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या अलास्काची सीमा वादात होती. इथे सत्ता कॅनडाची आहे, हे नजरेत भरावे अशी सरकारची गरज होती; म्हणून १८९९ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने फुलर यांना डॉसनला पाठवले.

इथली जमीन बारमाही गोठलेली असते. घरात शेगडी पेटली की खालचा बर्फ वितळतो, माती पाणी सोडते आणि पायाचा एक कोपरा खचू लागतो. गावातल्या एकमेकींवर रेललेल्या काही जुन्या इमारतींची गत तशीच झाली आहे. बाहेरून सामान आणायचे तर नदीवरचे बर्फ फुटल्यापासून ती पुन्हा गोठेपर्यंतचे मोजके महिनेच हाताशी असत. दगडाविटांचा विचारच नको होता, लाकूड मात्र स्थानिक गिरण्यांतून मिळे. तेव्हा फुलर यांनी अभिजात शैलीची सारी भाषा, दर्शनी त्रिकोणी शिखर आणि काटेकोर सममिती यांसह, लाकडातच उतरवली. १९०१ च्या प्रशासकीय इमारतीकडे पाहावे: देशाच्या राजधानीतल्या, ओटावातल्या दगडी कचेरीचा आब तिने फळ्यांवर पेलला आहे, आणि आमच्या मते हेच फुलर यांचे खरे कसब.

न्यायालय, शाळा, तार कार्यालय आणि प्रदेशाच्या आयुक्तांचे निवासस्थानही त्यांचेच. निवासस्थान १९०६ मध्ये आगीत सापडले आणि पुढे साध्या रूपात पुन्हा उभे राहिले.

या इमारती पुऱ्या होईपर्यंत बरेचसे खाणकरी अलास्कातल्या नोमच्या सोन्यामागे निघून गेले होते, क्लोंडाइक आणि युकॉन नद्यांच्या संगमावरच्या मूळ रहिवाशांना त्याआधीच जवळच्या मूसहाइड वस्तीत हलावे लागले होते, आणि १९५३ मध्ये युकॉनची राजधानीही डॉसनहून व्हाइटहॉर्सला गेली. प्रशासकीय इमारतीत आज संग्रहालय आहे. फुलर ओटावाला परतले आणि १९२७ मध्ये, एकेकाळी वडिलांकडे असलेल्या देशाच्या मुख्य वास्तुकाराच्या पदावर त्यांची नेमणूक झाली.