बसऱ्याची देवी

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला दिलेला विषय आहे पहिलं महायुद्ध: त्याची कारणं, त्याची वाटचाल, त्याचे परिणाम. ऐकताच शाळेतला बाक आठवला असेल. 'कारणे लिहा, गुण चार.' सातारा जिल्ह्यातल्या शाळांत मी तीस वर्षं हाच धडा शिकवला, आणि पहिली काही वर्षं वाईट शिकवला, हे आधीच कबूल करतो. फळ्यावर साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार असं लिहायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं आणि सहामाहीला ओकायचं. गाईड नावाचं पुस्तक ज्यानं पहिल्यांदा छापलं, त्याला एक तास उन्हात अंगठे धरून उभं करावं असं माझं जुनं मत आहे. असो.

कारणं थोडक्यात सांगतो. २८ जून १९१४. सारायेव्हो शहरात गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. महिन्याभरात ऑस्ट्रिया सर्बियावर उठला. सर्बियामागं रशिया, ऑस्ट्रियामागं जर्मनी, रशियाबरोबर फ्रान्स. जर्मन फौज बेल्जियममध्ये घुसली आणि ४ ऑगस्टला इंग्लंडही उतरलं. बांधाचं भांडण बघितलंय ना? कोरलेला असतो वीतभर बांध, पण काठ्या घेऊन मेव्हणे येतात, साडू येतात, साडूचे चुलतभाऊही येतात. तसंच हे.

आणि इंग्लंड उतरलं म्हणजे आपणही उतरलो. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणून मी वर्गात दोन प्रश्न वेगळे करायला लागलो. एक, युद्ध का पेटलं? दोन, आपला माणूस का गेला? पुन्हा सांगतो: युद्ध का पेटलं हे एक, आणि आपला माणूस का गेला हे दुसरं. पहिल्याचं उत्तर युरोपात. दुसऱ्याचं माण-खटावच्या माळावर. पाऊस नाही, विहीर आटलेली, डोक्यावर सावकार, आणि पलटणीत शिपायाला महिना अकरा रुपये रोख. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. त्या एका गावचे ४६ जण या युद्धात मारले गेले, त्यांचा स्तंभ आजही गावात उभा आहे. एका गावचे ४६.

आता वाटचाल. पुस्तकात फ्रान्समधले खंदक असतात. आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र एकच शब्द असायचा, 'बसरा'. आजच्या इराकमधलं बंदर, तेव्हा तुर्कांच्या ताब्यातलं, आणि तुर्क जर्मनीच्या बाजूनं. पलीकडं आबादानला इंग्रजांच्या तेलाचा कारखाना होता, म्हणून १९१४ च्या नोव्हेंबरात फौजेनं बसरा घेतलं आणि मग बगदादच्या हावेनं टायग्रिस नदीच्या काठानं वर वर सरकत गेली. ही सहावी डिव्हिजन, पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. बगदादच्या अलीकडं मार खाऊन ती कूत गावात परतली आणि तुर्कांनी तिला वेढलं. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला लागले. आपल्यातले कितीतरी जण ते मांस शिवेनात, धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड यानं शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली आणि त्यातली हजारो वाळवंटातनं चालताना आणि छावण्यांत मेली.

बसरा म्हटलं की मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टुडिओच्या काचेपलीकडं बसलेल्या आमच्या मित्रांना ती पाठ झाली आहे, तरी सांगतो.

त्र्याण्णव साल असेल. मी माणमधल्या एका शाळेत होतो. नववीच्या वर्गाला सांगितलं, घरच्या म्हाताऱ्यांना विचारून या, बसऱ्याला कोण गेलं होतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, माणूस म्हाईत न्हाई, पण आमच्यात बसऱ्याची देवी हाय."

रविवारी एसटीनं गेलो. एसटीबद्दल बोलायला बसलो तर वेगळं भाषण होईल. घर जुनं, माळवदाचं. देवळीत देव. पुढं बाळकृष्ण, अन्नपूर्णा, मागं टाकांची, म्हणजे देवांच्या आणि घरच्या वीर-पूर्वजांच्या ठशाच्या पत्र्यांची ओळ, आणि मधोमध एक गोल काशाची ताटली. आमटीच्या वाटीवर झाकण बसेल एवढी. हळदीकुंकवानं लिंपून गेलेली. मुलीची आजी ऐंशीच्या पुढची. तिनं मला देवी समजावून दिली. "ह्यो बगा सिंव्ह. हातात तिरसूळ. खाली दैत्य. देवीला आनि काय लागतं?"

आणि खरंच हो! सिंह होता, त्रिशूळ होता, खाली कुणीतरी कुणाला तरी फाडत होतं. मी हात जोडले. पण कडेनं इंग्रजी अक्षरं दिसत होती. मी विचारलं, "आजी, जरा चिंचेनं घासू का?" जुनी वस्तू घासू नये असं जाणकार सांगतात, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण घासायचंच असेल तर चिंच. त्या पुडीतल्या पावडरीवर माझा विश्वास नाही.

घासलं. कडेनं लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ: 'तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला.' आणि त्रिशूळवालीच्या पुढं एका चौकटीत नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, नुसतं नाव.

श्रोतेहो, ती देवी नव्हती. ती ब्रिटानिया, इंग्रजांच्या देशाचं बाईरूप. खालचा दैत्य म्हणजे जर्मनीचा गरुड. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारनं अशी ताटली पाठवली होती. आणि १९१६ साली माणच्या माणसाचं स्वातंत्र्य म्हणजे नेमकं कुणाचं, हे त्या कडेवर लिहायला जागा नव्हती.

मी नाव वाचलं. आजी गप्प. मग म्हणाली, "ह्ये आमचं चुलतसासरं. बसऱ्याला गेल्यालं, आलंच न्हाईत." पुन्हा गप्प. मग हळू म्हणाली, "धाकल्या सासूबाई रोज पैली हिला धुवायच्या. पर कुकू लावायला मला हाक मारायच्या. बाकीच्या देवास्नी सोता लावायच्या, हिला न्हाई."

धाकल्या सासूबाई म्हणजे त्याची बायको. मी विचारलं, त्यांना ठाऊक होतं?

"ठावं नसतं तर हाक कशाला मारली असती?"

आणि उठून तिनं ती ताटली मधनं काढली आणि मागं टाकांच्या ओळीत लावली. म्हणाली, "वीर हाय त्यो. त्येची जागा हितं."

आता घड्याळ दाखवताहेत आणि परिणाम राहिलेच. धावतं सांगतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया, तुर्कस्तान ही चार साम्राज्यं कोसळली. व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला. सारायेव्होची तारीख आठवा, २८ जूनच. त्या तहाच्या रागावर हिटलर पोसला. आपल्याकडं चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास शिपाई परत आले नाहीत. १९१८ साली तापाची साथ आली. बक्षीस म्हणून १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा मिळाला आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बाग.

मागच्या वर्षी त्या घरी पुन्हा गेलो होतो. आजी कधीच गेल्या, ती मुलगी सासरी नांदते. ताटली टाकांच्या ओळीतच आहे. कुंकवाचा थर पुन्हा चढलाय, चौकटीतलं नाव दिसत नाही. मी विचारलं हे काय, तर घरातली नवी सून म्हणाली, "ही आमची बसऱ्याची देवी."

नमस्कार.