श्रीलंकेला कधी जावं? आधी प्राणी ठरवा

मंडळी, श्रीलंकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "सीझन कोणता?" ट्रॅव्हलवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं : डिसेंबर ते मार्च. किनाऱ्यावर निवांत पडून राहायचं असेल तर ते बरोबर आहे. पण आपण निघालोय जनावरं बघायला. तेव्हा आधी काय बघायचंय ते सांगा, महिना त्यावरून ठरेल.

या बेटावर पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, मिरिसा ही बाजू झोडपतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून वारे येतात आणि पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीकडे पाऊस पडतो. मध्ये डोंगर आहेत, पिदुरुतलागला तर २,५२४ मीटर उंच. इगतपुरीत छत्री उलटी होत असते आणि सिन्नरला धूळ उडत असते, हे बघत आलेल्या नाशिककराला यापुढे काही समजवायला नको. एका किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा दुसरीकडे बरेचदा शांत असतो.

आता हत्ती. पोलोन्नरुवाजवळ मिन्नेरिया तलाव आहे, तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला. कोरड्या दिवसांत आजूबाजूचे पाणवठे आटतात, तलावाचं पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत फुटतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हत्तींचे कळप तिथे उतरतात, कधी दोन-तीनशे एकत्र. जीप थांबवून एकाच हत्तिणीकडे बघत बसा. ती पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा झुबका मोकळा करते, सोंडेत धरते, पायावर आपटून माती झाडते आणि मगच तोंडात घालते. पिल्लू शेजारी तेच करून बघतं, निम्मं गवत सांडतं. मात्र हे सगळं पाण्याच्या पातळीवर अवलंबून. सिंचनासाठी तलाव भरलेला ठेवला तर गवत बुडतं आणि कळप जवळच्या कौडुल्ला तलावाकडे वळतात. म्हणून बुकिंगआधी तिथल्या जीपवाल्याला फोन करून तलाव किती उतरलाय एवढं विचारा. माझ्या मते कुठल्याही वेबसाइटपेक्षा हा फोन कामाचा.

निळा देवमासा हवा असेल तर डिसेंबर ते एप्रिल, मिरिसा. दक्षिण टोकाशी समुद्राची उथळ कड अगदी अरुंद आहे, त्यामुळे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी लागतं. हे देवमासे अंटार्क्टिकाकडे जाणारे नव्हेत, वर्षभर उत्तर हिंदी महासागराच्या उबदार पाण्यातच राहतात. २००३ साली आशा द व्होस या श्रीलंकन संशोधिकेला पाण्यावर त्यांची तरंगती लाल विष्ठा दिसली. उबदार पाण्यात देवमासे खात नाहीत असा समज होता, आणि इथे तर जेवणाचा पुरावाच तरंगत होता! तेव्हा डिसेंबर ते एप्रिल हा खरं तर बोटीचा सीझन. मे नंतर समुद्र बोट धरू देत नाही. मग त्रिंकोमालीची बाजू बघायची.

मे महिन्याची सुट्टी वाया जाते असं समजू नका. विल्पत्तू आणि याला या राष्ट्रीय उद्यानांत मे ते जुलैच्या सुमारास पालूची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी. तिच्यासाठी अस्वलं झाडावर चढतात, फांद्या वाकवून ओरपतात. एरवी झुडपात दिसेनासं होणारं अस्वल या दिवसांत फळांपुढे माणसाची फारशी पर्वा करत नाही. बिबट्यालाही हे कोरडे दिवस सोयीचे, कारण पाणवठे मोजकेच उरतात. सप्टेंबरच्या आसपास यालाचा मुख्य भाग बहुतेक वर्षी बंद असतो, तारखा आधी बघून घ्या.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, "मुलांना दिवाळीचीच सुट्टी, मग?" ताई, दिवाळीत उडवलवे राष्ट्रीय उद्यानात जा. तिथे हत्ती बारमाही दिसतात. सफारी पहाटेची घ्या, कारण त्या दिवसांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. आणि मिरिसा यादीत टाकायचंच असेल तर त्याच्यापुढे एक दिवस मोकळा ठेवा. बोट सुटली नाही तर दुसऱ्या दिवशी जाता येईल.