रेसच्या आधीच दमणारी टिली

नमस्कार मंडळी, मेलबर्नहून बोलतेय. आज बोलायचंय ग्रेहाउंड कुत्र्यांबद्दल, रेसवाल्या. आपल्याकडचा कारवानी पाहिलाय ना, तसंच लांबुडकं तोंड, आत ओढलेलं पोट, फक्त अंगाने जास्त भरलेला, 30 किलोच्या आसपास, आणि पळायला लागला की ताशी 60 किलोमीटरच्या वर.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे असे सहा कुत्रे आहेत, मी त्यांच्या मदतीला जाते. त्यांची टिली घरी अगदी गरीब गाय, पण ट्रॅकवरच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवायच्या खोलीत, बंद केली की गोल गोल फिरणार, भुंकणार, धापा टाकणार, लाळेने छाती ओली. इथे रेसच्या कितीतरी आधी कुत्र्यांचं वजन करून, तपासून आत ठेवतात. तीन तास! इथल्या सॅन्डाउन पार्क ट्रॅकवरची 515 मीटरची रेस अर्ध्या मिनिटात संपते हो, पण हिची ताकद आतच संपलेली असायची. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करायचं, त्यात पाणी जातं, वजन उतरतं, स्नायू आखडतात, फारच झालं तर किडनीला त्रास होतो. आणि लोक म्हणणार कुत्री आळशी आहे. आळशी नाही, घाबरलीय ती.

गुंगीचं औषध देता येत नाही, लघवीची टेस्ट होते, आणि नसती झाली तरी गुंगीतल्या जनावराला इतर सात कुत्र्यांबरोबर वळणावर सोडणं मला पाप वाटतं.

मग आम्ही काय केलं, तर रेस नसलेल्या दिवशी तिला नुसतं ट्रॅकवर न्यायचो, केनेलमध्ये दहा मिनिटं बसवायचं की घरी. मग वीस मिनिटं, मग तास. शेजारच्या केनेलमध्ये आजोबांचा म्हातारा शांत कुत्रा. जेवणं गाडीत बसायच्या कितीतरी आधी उरकलेली. आणि घरी केनेलमध्ये रेडिओ चालू, इथे बरेच ट्रेनर ठेवतात. ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी केनेलमधल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं होतं, 2017 मध्ये ते छापून आलं, सॉफ्ट रॉक आणि रेगेला कुत्रे जास्त निवांत दिसले, पण तेच तेच ऐकवलं तर असर कमी होतो म्हणे, म्हणून आम्ही स्टेशन बदलत राहतो. मी कधी मोबाईलवर अभंग लावते, टिली पखवाज सुरू झाला की कान टवकारते आणि मग डोकं खाली ठेवते.

सगळ्यात अवघड गेलं ते मला स्वतःला शांत ठेवणं. पोरांना दहावीच्या पेपरला सोडताना आईच कशी गेटवर दहादा विचारते, पेन घेतलं का, हॉलतिकीट घेतलं का, तसं माझं चालायचं, पट्टा घट्ट धरायचा, सारखं बोलायचं, नि ते सगळं पट्ट्यातून तिच्यापर्यंत पोचायचं. आजोबा म्हणाले गप्प बस, मानेपासून पाठीवर हात फिरव, हळू, आणि तू आधी नीट श्वास घे.

रेसच बंद करा म्हणणारे इथे खूप आहेत, त्यांचं म्हणणं मला कळतं, मीही त्यावर विचार करते. पण जोवर टिली पळतेय तोवर ते तीन तास तिला जड जाऊ नयेत एवढं मी बघणार.

मागच्या महिन्यात रेससाठी तिला केनेलमधून आणायला गेले, आठवी रेस होती, तर बाई चक्क आडवी पडलेली, मला बघून फक्त शेपूट हलवली. चौथी आली. घरी येऊन पोटभर पाणी प्यायली आणि झोपली.