दगडाखालच्या अळीचा मातृवंश

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या उथळ पात्रातला एखादा दगड पावसाळा ओसरल्यावर उलटून पाहिला, तर त्याला वाळूच्या बारीक खड्यांची इवलीशी नळी चिकटलेली दिसण्याचा संभव असतो. ती कॅडिसफ्लायच्या अळीने स्वतःच्या रेशमाने खडे सांधून बांधलेली असते. हा कीटक फुलपाखरे व पतंग यांचा सर्वांत जवळचा नातलग असून जगात त्याच्या 16,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

या जाती प्रामुख्याने प्रौढ नराच्या जननेंद्रियांवरून ओळखल्या जातात. त्यामुळे ओढ्यात सापडलेली अळी कोणत्या जातीची, हे नुसत्या निरीक्षणाने सांगणे पुष्कळदा अशक्य होते. इथे मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांतील, डीएनए कामाला येतो. तो सहसा केवळ आईकडूनच पिलांकडे जातो, त्यात 37 जनुके असतात आणि एकेका पेशीत त्याच्या इतक्या प्रती असतात की अळीचा एक पायसुद्धा तपासणीला पुरतो. त्यातील एका जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा (डीएनएच्या मूळ घटकांचा) तुकडा अळी आणि नर या दोघांत जुळला, की दोघांची जात बहुधा एकच असल्याचे कळते.

मात्र फार जुनी नाती या डीएनएवरून ठरवताना सावध राहिले पाहिजे. तो वेगाने बदलतो, एकाच जागी पुन्हापुन्हा बदल होऊन आधीच्या खुणा पुसल्या जातात, आणि त्यामुळे कॅडिसफ्लायची जाळी विणणारी व अशी नळीसारखी घरटी बांधणारी कुळे एकमेकांपासून केव्हा, कोणत्या क्रमाने फुटली, हे ठरवण्यासाठी पेशीच्या केंद्रकातील जनुकांची साक्षही घ्यावी लागते.

जवळच्या नात्यांसाठी मात्र तो उत्तम साक्षीदार आहे, आणि आपल्या भागात त्याला विचारण्याजोगा एक सुंदर प्रश्न आहे. मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळते, तर याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यातून अरबी समुद्राला जाते. दोन्ही नद्यांत एकच जात सापडली आणि तिचे मातृवंश, म्हणजे आईकडून आलेल्या या डीएनएच्या शाखा, सरमिसळ असले, तर प्रौढ कीटक जलविभाजक (दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंचवटा) ओलांडत असावेत. ते वेगवेगळे निघाले, तर ही ताटातूट जुनी मानावी लागेल.

हे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवू नयेत, कारण त्याने डीएनए खराब होतो. 95 टक्के अल्कोहोल वापरावे, कुपीत ओढ्याचे नाव व तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, आणि याच तालुक्यातील भीमगड अभयारण्यात पाऊल टाकण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी.