खर्च नव्हे, येणे

श्रोतेहो, नमस्कार. घरात कुणी आजारी पडलं की आपण आधी धावतो, हिशोब मागाहून. तसंच असावं. पण मागाहून तरी तो नीट लिहावा.

दवाखान्यात भरलेला जो पैसा विमा कंपनी किंवा ऑफिस परत देणार आहे, तो खर्चात लिहू नका, येण्यात लिहा. शेजाऱ्याला हातउसने दिले तर ते आपण खर्चात धरतो का? एकदा खर्चात लिहिलं की मन म्हणतं, गेले. आणि गेलेल्या पैशाच्या मागे कुणी लागत नाही.

इंदुरातल्या नारायण बागेत राहणाऱ्या माझ्या आत्याचंच सांगते. काका न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. कॅशलेस, म्हणजे कंपनीनं थेट दवाखान्याला पैसे देणं, मिळालं नाही, सगळे पैसे घरातून भरले. त्याच रात्री आत्यानं वहीत कोरं पान काढून वर लिहिलं, ‘विमा कंपनीकडून येणे’. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर, भोवती गोल, तोच नंबर वहीत. ही शिस्त तिच्या सासऱ्यांची. त्यांच्या वह्या मोडी लिपीत आहेत, आणि आज त्या घरात कुणाला वाचता येत नाहीत. होळकरांचं दप्तर ज्या लिपीत लिहिलं गेलं, तिचा वर्ग इंदुरात गल्लोगल्ली भरायला हवा, हे मी म्हणतच राहणार.

तर, मूळ बिलं कंपनीकडे गेली, झेरॉक्स वहीत राहिल्या. मागितले १,८६,४००, आले १,६१,२५०. घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली. आत्या म्हणाली, “थांबा, २५,१५० कुठे आहेत?”

कंपनीचं पत्र आणि वही शेजारी ठेवून तिनं एकेक ओळ ताडून पाहिली. हातमोजे, डायपर असल्या वस्तूंचे ९,४०० कापले होते. ते तिच्या पॉलिसीत बसत नव्हते, म्हणून तिनं ते तेव्हाच खर्चात टाकले. उरले १५,७५०, फिजिओथेरपीचे. कारण दिलं होतं, मूळ बिल मिळालं नाही. आत्याकडे २३ नंबरची झेरॉक्स होती, कुरियरची पावती होती. घरी आल्यानंतरचे ६० दिवस पॉलिसीत धरलेले, आणि फिजिओथेरपीची शेवटची वेळ ४१व्या दिवशीची. कागदांची पिशवी घेऊन ती स्वतः कंपनीत गेली. तीन आठवड्यांनी पैसे जमा झाले, तेव्हा तिनं त्या पानाखाली दोन आडव्या रेघा मारल्या.

पुन्हा सांगते. परत येणार ते येणे. कापलं गेलं तेवढाच खर्च. आणि पैसे आले की उत्पन्नात लिहू नका, येण्यातून वजा करा. नाहीतर एक महिना दिवाळखोरीचा दिसतो, दुसरा श्रीमंतीचा, आणि दोन्ही खोटे.

दवा बाजारात, म्हणजे इंदूरच्या औषधांच्या बाजारात, थोडी सूट मिळते म्हणून बिल सोडून येऊ नका. बिल नाही तर येणं नाही.

आणि तो गुळगुळीत, मशीनमधून निघणारा कागद! उन्हात, उष्णतेत त्यावरची अक्षरं उडतात, काही काळानं पावती कोरी होऊ शकते. औषधासारख्या गोष्टीला असला कागद वापरूच नये. तुमच्या पिशवीत तसल्या पावत्या असतील तर आजच झेरॉक्स काढा, आणि डिस्चार्जची तारीख पॉलिसीच्या कागदाशी ताडून पाहा. पैसे मागायचे दिवस अजून उरले असतील. नमस्कार.