जुन्या पुलाचा भार

ठाण्याहून कळव्याकडे निघालेल्या गाड्या नव्या पुलांवरून पुढे सरकतात (वेगाने सरकतात, असे म्हटले तर कळवेकरांना ते पटणार नाही) आणि शेजारीच, खाडीच्या पाण्यात पाय रोवून, १८६३ सालचा दगडी पूल वाहनांविना उभा दिसतो. असा पूल पुन्हा बांधायचा झाला, तर मूळ रचनेचा मान राखणे म्हणजे नेमके काय?

बोस्नियातील मोस्तार शहराला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले. नेरेत्वा नदीवर मिमार हैरुद्दीन यांनी १५६६ मध्ये पूर्ण केलेला एकाच कमानीचा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धातील तोफांच्या माऱ्याने कोसळला. नदीत पडलेले दगड पाणबुड्यांनी बाहेर काढले. परंतु त्यांपैकी बहुतेक दगड पुन्हा भार घेण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून त्याच परिसरातील तेनेलिया नावाचा चुनखडीचा दगड नव्याने काढून, मूळ मापांबरहुकूम घडवण्यात आला. दगडांना जखडणाऱ्या लोखंडी पकडी वितळलेल्या शिशात बसवण्याची जुनी रीतही सोडली गेली नाही. २३ जुलै २००४ रोजी पूल खुला झाला आणि पुढच्याच वर्षी तो जागतिक वारसा यादीत आला.

शिशाचा हा आग्रह केवळ परंपरेपोटी नव्हता. लोखंड गंजले की फुगते आणि दगडाला आतून तडे पाडते. शिसे त्याला पाण्यापासून आणि हवेपासून दूर ठेवते. चुन्याचेही तसेच आहे. चुन्याचा सांधा थोडीफार हालचाल सोसतो आणि मुरलेला ओलावा बाहेर सोडतो. त्याजागी कडक सिमेंट भरले, तर ओलावा दगडातच कोंडतो आणि सांधा शाबूत राहून दगड मात्र झिजू लागतो. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी चढते, तिथे तर या निवडीला अधिकच महत्त्व येते.

खरी अडचण भाराची असते. बैलगाड्यांच्या काळातील कमानीवरून आजचे ट्रक न्यायचे म्हटले, की काँक्रीटचे आवरण आणि जाड स्लॅब आलाच, आणि मग मूळचे रूप केवळ दर्शनी भागापुरते उरते. मोस्तारचा पूल पायी चालणाऱ्यांसाठीच राहिला. कळव्यात वाहनांचा भार शेजारच्या पुलांनी आधीच उचलला आहे; जुन्या पुलाला आता माणसांपुरतेच मजबूत असणे पुरेसे आहे.